गेरूचे आकडे

"सगळे आले नाही जी," कोलू गायता म्हणाला, आणि त्याने पेनाला टोपण लावून ते माझ्याकडे परत केलं.

मी पुन्हा एकदा माणसं मोजली. वन, महसूल, कृषी, पशुसंवर्धन, लघुसिंचन, आदिवासी प्रकल्प कार्यालय आणि आमची पंचायत समिती. सात खाती, सात अधिकारी. पलीकडे बांधाला सात जीपा ओळीने उभ्या. समोर मुरुमटोल्याची बत्तीसच्या बत्तीस घरं पोराबाळांसह येऊन बसलेली. ताडपत्रीच्या मध्यभागी टेकडीचा आराखडा होता आणि त्यावर सात सह्या झालेल्या. आठवी ग्रामसभेची. ती कोलूने करायची होती, कारण तो गावाचा पुजारीही होता आणि ग्रामसभेचा अध्यक्षही.

"कोण राहिलं?" मी विचारलं.

कोलूने विडी काढली. नऊ महिन्यांत मी त्याला एवढं ओळखून होतो की विडी अर्धी झाल्याशिवाय उत्तर येणार नाही. माझ्या शेजारी वनपरिक्षेत्र अधिकारी लोणारे बसले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मार्चची एकोणतीस तारीख, दुपारचे साडेतीन.

एकतीस तारखेला वनखात्याचा दहा वर्षांचा आराखडा वरच्या कचेरीत जाणार होता. आमचा आराखडा त्याला जोडला गेला तर मोहाची टेकडी गावाकडे राहणार होती. नाही जोडला गेला तर ती टेकडी सागाच्या रोपवनात जाणार होती. मग भोवती चर, चराला तार आणि दहा वर्षं आत पाऊल टाकायला बंदी. मुरुमटोल्याची निम्मी चूल त्या टेकडीवर पेटते. हे सगळ्यांना माहीत होतं, कोलूला सगळ्यांत जास्त.

त्याची विडी अर्धी होईपर्यंत माझ्याबद्दल सांगतो. मी शेडगे, पंचायत समितीतला विस्तार अधिकारी. मूळचा खटाव तालुक्यातला, म्हणजे राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. साहेबाशी वाजलं म्हणून बदली झाली आणि गडचिरोलीच्या पूर्वेकडच्या या तालुक्यात येऊन पडलो. आल्यावर माझ्या गळ्यात समन्वयाचं काम घातलं. या कामाला गाडी नाही, शिपाई नाही, अधिकार तर नाहीच. सगळ्या खात्यांत जायचं, सगळ्यांचा चहा प्यायचा आणि सगळ्यांचा नकार ऐकून यायचं. पण मी हट्टी माणूस आहे. मला हे काम करून दाखवायचं होतं, आणि ज्यांनी मला इकडे पाठवलं त्यांच्या नाकावर टिच्चून करून दाखवायचं होतं.

पहिल्या तीन बैठका तालुक्याच्या सभागृहात झाल्या आणि तिन्ही फुकट गेल्या. भांडणाचं मूळ आग. मोह गळायला लागण्याआधी माणसं झाडाखालचा पाचोळा जाळतात. जमीन काळी झाली की पिवळी फुलं लांबून दिसतात, वेचायला सोपी पडतात. त्यातली एखादी आग सुटते आणि टेकडी चढते. लोणारे म्हणायचे, आधी आग थांबवा, मग बोलू. गाव गप्प बसायचं. पशुसंवर्धनवाल्यांना गवत हवं होतं, ते आगीत जळायचं. लघुसिंचनाचा बंधारा नेमका वनखात्याच्या जागेत येत होता. प्रत्येकाचं दुसऱ्याशी काहीतरी अडलेलं, आणि प्रत्येकाचं एकच वाक्य ठरलेलं: हा विषय आमच्याकडे येत नाही.

मग मी एक तक्ता केला. उभे सात रकाने, दर खात्याला एक. कुणाला काय हवंय आणि कुणाकडे काय पडून आहे एवढंच त्यात लिहायचं. तो तक्ता पाठीवरच्या पिशवीत घालून मी एसटीने, सायकलने, कधी दूधवाल्याच्या मागे बसून फिरायचो. गावातली माणसं मला समन्वयसाहेब म्हणायला लागली. त्यात थट्टा किती आणि मान किती हे मी कधी विचारलं नाही.

अडलेली गाडी सुटली ती बुधरीमुळे. बुधरी कोलूची सून. एकदा तिला घरालगतच्या मोहाखाली खराट्याने झाडताना पाहिलं. मी विचारलं, जाळत का नाहीस? म्हणाली, घराले आग लागन. मग टेकडीवरही असंच झाडलं तर? तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "इतका पाला टाकाचा कुठं जी?"

तो प्रश्न मी तक्त्यात लिहिला आणि रात्रीतून नाही, पण महिन्याभरात सगळे रकाने एकमेकांशी बोलायला लागले. पाला कृषी खात्याच्या खतखड्ड्यांत टाकायचा. झाडण्याची मजुरी रोजगार हमीतून. झाडलेल्या पट्ट्यामुळे आग पुढे सरकणार नाही, म्हणजे वनखात्याला जाळरेषा आयती मिळाली. गवत वाचलं, गुरांची सोय झाली. बंधारा दोनशे मीटर खाली सरकला. प्रांत भोसेकर मॅडम, ज्या नवीनच आल्या होत्या आणि कमी बोलायच्या, त्या तक्ता पाहून म्हणाल्या, "शेडगे, हे चाललं तर आपण दुसरीकडेही करू." त्या दिवशी मी बिनसाखरेचा चहासुद्धा गोड मानून प्यालो.

एक गोष्ट उरली होती. बाहेरचे लोक येऊन फांद्या तोडतात, फुलं पळवतात, ही लोणारेंची तक्रार होती आणि ती खरी होती. म्हणून आराखड्यात कलम चौदा आलं. टेकडीवर बाहेरगावच्या माणसाला बंदी. दर झाडाला आकडा, दर आकडा एका घराच्या नावावर. वनरक्षकाने पांढऱ्या रंगाने आकडे घातले आणि घरांची यादी मी केली. ग्रामपंचायतीचं घरपट्टीचं रजिस्टर समोर ठेवून, एका बैठकीत. कलम ग्रामसभेत वाचलं तेव्हा सगळे हाव, म्हणजे हो, म्हणाले. एकानेही शंका काढली नाही. मी खूश.

सह्या मिळवण्यात मी तेव्हा चांगलाच तयार झालो होतो. मधल्या दिवाळीत चार दिवस रजा टाकून गावी जाऊन आलो होतो. अण्णांना जाऊन वर्ष झालं होतं, सातबारावर नाव लावायचं होतं. धाकटी बहीण शालन फलटणहून सकाळच्या गाडीने आली, हक्कसोडपत्रावर सही केली आणि दुपारच्या गाडीने परत गेली. जेवायलाही थांबली नाही. मुद्रांकवाला म्हणाला, तुमची बहीण फार समजूतदार आहे, नाहीतर इथे रोज रडारड असते. इकडे एकेका सहीसाठी महिनोन्महिने चपला झिजतात आणि तिकडे पाच मिनिटांत काम झालं, हे मी परतल्यावर कचेरीत दोघातिघांना सांगितलंही होतं.

तर कोलूची विडी अर्धी झाली.

"पोरी राहिल्या," तो म्हणाला.

मला वाटलं शाळेतल्या मुली. मी मागे पाहिलं. तेवढ्यात बायकांमधून बुधरी उठली. सकाळी मी यादी वाचत असताना एका आकड्याला तिथून कुजबुज झाली होती, ती मला ऐकू आली होती आणि मी पुढे वाचत गेलो होतो.

"एक्केचाळीस नंबर माझ्या नावावर लिवला तुमी," बुधरी म्हणाली.

"हो. तुमच्याच घरचं झाड आहे ना ते?"

"घरचं हाये. माझं नाही. माझ्या नणंदेचं हाये."

मग हळूहळू उलगडलं. या गावात लेक सासरी जाताना बाप तिला मोहाचं एक झाड देतो. हंडा, लुगडं राहिलं तरी चालतं, झाड राहत नाही. दर वर्षी फुलं गळायला लागली की ती टोपली घेऊन माहेरी येते, चार-पाच दिवस राहते, आपल्या झाडाची फुलं वेचते, वाळवते आणि घेऊन जाते. ती येईपर्यंत त्या झाडाखालच्या फुलाला कुणी हात लावत नाही. भावजयीने फक्त तळ झाडून ठेवायचा आणि गुरांना हाकलायचं. बुधरीची नणंद सुकनी अठरा किलोमीटरवर कोरेटोल्याला दिलेली. एक्केचाळीस नंबर तिचा. असं एकच झाड? मी विचारलं. बायका एकमेकींना विचारून बोटांवर मोजायला लागल्या. झाडं तेवीस निघाली. पोरी अकरा गावांत.

घरपट्टीच्या रजिस्टरात लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव नसतं. माझ्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता. आणि कलम चौदाप्रमाणे त्या तेवीसही जणी बाहेरगावच्या होत्या.

"पण मी कलम वाचलं तेव्हा तुम्ही सगळे हाव म्हणालात," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, हे कबूल करतो.

"बाहेरच्याले बंदी म्हनलं तुमी," कोलू शांतपणे म्हणाला. "आमच्या पोरी बाहेरच्या कवा झाल्या?"

लोणारे पुढे सरकले. ते कडक माणूस होते, पण वाकडे नव्हते. त्यांनी सरळ विचारलं, उद्या माझा वनरक्षक टेकडीवर उभा राहिला तर कुणाला अडवायचं आणि कुणाला सोडायचं हे त्याला कसं कळणार? तोंडी रिवाजावर त्याची नोकरी चालत नाही, माझीही नाही. परवा एकतीस तारीख आहे, आणि ती पुढे ढकलणं माझ्या हातात नाही.

मला वाटलं आता आपणच तोडगा काढायचा. इतक्या महिन्यांत तोडगे काढायची सवय झाली होती. मी बुधरीला समजुतीच्या सुरात म्हणालो, "हे बघा, नावावर तुमच्या असू द्या. फुलं तिला द्या. दर वर्षी द्या. कोण नाही म्हणतंय?"

बुधरी भांडत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

"तिचं तिले देनारी मी कोन जी?" ती म्हणाली.

मला माझंच वाक्य पुन्हा ऐकू आलं. नावावर माझ्या असू दे, आंबे दर वर्षी पाठवीन. हे मी दिवाळीत शालनला म्हणालो होतो, रजिस्ट्रार कचेरीच्या बाकावर, तिच्या हातात पेन देताना. शालन कागद वाचत होती. वाचता वाचता एके ठिकाणी तिचं बोट थांबलं होतं. मी विचारलं, काय झालं? काही नाही म्हणाली आणि सही केली. यंदाचे आंबे अजून यायचे होते, पण खरं सांगायचं तर ते पाठवायचं मी विसरलो असतो. मला माझी लाज वाटली. शे-दीडशे माणसांसमोर, ताडपत्रीवर बसून, कुणालाही काही माहीत नसताना लाज वाटली. ज्या झाडाचा कागद कुणी फुकट तिच्या हातात देत होतं, ते झाड बुधरी परत करत होती.

भोसेकर मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. "शेडगे, कलम तुमचं आहे. काय करायचं?"

"कलम बदलायचं मॅडम. माझं चुकलं. तेवीस जणींची नावं आणि झाडांचे आकडे घालू, म्हणजे लोणारेसाहेबांच्या माणसांकडे यादी राहील. भावांना विचारून आत्ता लिहून घेतो."

लोणारेंनी मान हलवली, म्हणजे त्यांना चालणार होतं. पण कोलूने नाही म्हणून हात हलवला.

"भावाले इचारून कसं होईन? भाऊ इसरते," तो म्हणाला, आणि मागच्या बायका हसल्या. "जिचं झाड तिनंच हात लावून दाखवाव लागते. तसंच देल्लं आमच्या बापांनी."

अकरा गावं. त्यातली चार अशी की तिथे एसटी जात नाही. हातात एक दिवस. लोणारे म्हणाले, हे होणार नाही, आणि त्यांनी टोपी उचलली. माझं लक्ष बांधाकडे गेलं. सात जीपा उभ्या होत्या आणि आता त्या सात दिशांना रिकाम्या परत जाणार होत्या. नऊ महिने मी या खात्यांना एका कागदावर आणत होतो. ते एकमेकांच्या सहीखाली सही करत होते, पण एकाच्या कामाला दुसऱ्याचा हात लागलेला मी अजून पाहिला नव्हता.

मी उठून एकेकाला विचारलं. तुमची जीप उद्या द्याल का? लघुसिंचनवाले म्हणाले, लॉगबुकात कारण काय लिहू? पशुसंवर्धनवाल्यांच्या जीपमध्ये लसींची पेटी होती. प्रकल्प कार्यालयाचा ड्रायव्हर सुट्टीवर निघाला होता. मला वाटलं, संपलं. एवढ्या वर्षांत मी कुणासमोर हात जोडले नव्हते, त्या दिवशी जोडायला निघालो होतो.

तेव्हा लोणारे बोलले. डोक्यावर टोपी, हातात किल्ली. "कोरेटोला आणि नदीपलीकडची दोन गावं मी घेतो. माझी जीप जुनी आहे, पण त्या वाटा तिलाच ठाऊक आहेत. लॉगबुकात खरं ते लिहा. मी लिहितो: समन्वय."

त्या दिवशी सात लॉगबुकांत एकच शब्द लिहिला गेला. मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. एका लॉगबुकात त्याचं शुद्धलेखन चुकलं होतं, तेही मला आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पहिली जीप आली ती पशुसंवर्धनाची. पुढे डॉक्टर, मागे लसींच्या पेटीवर पाय ठेवून बसलेल्या पाच बायका, मांडीवर टोपल्या. त्यांना वाटेत कळलं होतं की सरकार आपल्याला झाडासाठी बोलावतंय, आणि त्या इतक्या हसत होत्या की डॉक्टरही हसत उतरले. मग कृषीची आली. मग भोसेकर मॅडमची, आणि त्या स्वतः पुढे बसल्या होत्या. दहा वाजेपर्यंत बावीस जणी आल्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणाचे केस पिकलेले. एक तर नवी नवरी, अजून अंगाला हळदीचा वास.

टेकडीवर फुलं पडायला लागली होती. सगळीकडे तो गोडसर वास. बाया रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. त्या सरळ पांगल्या आणि आपापल्या झाडाशी जाऊन थांबल्या. कुणी कुणाला विचारलं नाही. ज्या झाडांमध्ये मला नऊ महिन्यांत फरक कळला नव्हता, त्यांतलं आपलं झाड प्रत्येकीने लांबूनच ओळखलं. बुंध्याला तळहात लावायचा आणि वडिलांचं नाव सांगायचं. मग वनरक्षक पांढऱ्या आकड्याशेजारी गेरूचा नवा आकडा घालायचा. एक, दोन, तीन. मी लिहीत होतो. माझ्या यादीत ही बावीसच्या बावीस झाडं दुसऱ्याच्या नावावर गेली होती. मी एकेक खोडत गेलो, आणि खोडताना इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

एक्केचाळीस नंबरखालचा तळ आरशासारखा झाडलेला होता. सुकनीने बुंध्याला हात लावला, चारी बाजूंनी पाहिलं आणि कोपऱ्यातल्या चार पानांकडे बोट दाखवलं. बुधरी म्हणाली, तेवढी तुझ्यासाठी ठेवली, नाहीतर म्हणशील वहिनीनं काही करू दिलं नाही. मग दोघी गळ्यात पडल्या आणि वनरक्षकाला आकडा घालायला जागा मिळेना.

लोणारेंची जीप कोरेटोल्याची खेप सोडून पुन्हा नदीपलीकडे गेली होती, ती सगळ्यांत शेवटी आली. तेविसावी तीत होती. जुरीबाई, कोलूची थोरली बहीण, सत्तरीच्या पुढची. गुडघे गेले म्हणून सहा-सात वर्षं माहेरी आली नव्हती. टेकडीच्या पायथ्याशी लोणारेंनी तिला हात दिला. तिने त्यांच्या खाकी बाहीला धरलं आणि ती दोघं सावकाश वर चढली. कुणीच पुढे गेलं नाही, सगळे मागून चालत होते. वर सपाटीला आल्यावर ती डावीकडे वळली, आणि कोलूचा चेहरा उतरला. तिथे झाड नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या वादळात ते पडलं होतं आणि हे तिला सांगायचं धाडस कुणाला झालं नव्हतं.

खुंट होता, गुडघ्याएवढा. म्हातारी त्याच्यापाशी उभी राहिली. मग वाकून तिने त्यावर तळहात टेकला आणि वडिलांचं नाव घेतलं, बाकीच्यांनी घेतलं तसंच.

वनरक्षकाने गेरूची वाटी खाली धरली आणि लोणारेंकडे पाहिलं. मीही पाहिलं. नियम स्पष्ट होता, आकडा झाडाला होता.

"झाड गेलं जी," कोलू म्हणाला. "जागा गेली नाही."

लोणारेंनी माझ्या हातातलं रजिस्टर घेतलं. मला वाटलं ते शेरा मारणार. त्यांनी खाली बसून, मांडीवर रजिस्टर ठेवून, स्वतःच्या अक्षरात लिहिलं: तेवीस. मोह. रोप लावणे व जगवणे. जबाबदारी वनखाते. खाली सही, सहीखाली तारीख. हा विषय आमच्याकडे येत नाही, हे वाक्य मी नऊ महिन्यांत किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही. आणि इथे एक माणूस, कुणी न मागता, एक खुंट स्वतःच्या खात्यावर घेत होता. ज्यांनी मला या तालुक्यात शिक्षा म्हणून पाठवलं त्यांचे मी मनातल्या मनात आभार मानले.

वनरक्षकाने खुंटावर आकडा घातला. कोलूने खिशातून स्वतःचं पेन काढलं, कालचं माझं घेतलं नाही, आणि खुंटावरच कागद ठेवून आठवी सही केली.

एकतीस तारखेला सकाळी अकराला तो आराखडा मी हाताने वरच्या कचेरीत दिला. पोच घेतली. ती अजून माझ्याकडे आहे.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. टेकडी जागेवर आहे. पुढे एकदा आग आली ती पलीकडच्या रानातून, आणि झाडलेल्या पट्ट्यापाशी येऊन विझली. तेवीस नंबरचा मोह आता माझ्या डोक्याच्या वर गेलाय. जुरीबाईला त्याची फुलं बघायला मिळाली नाहीत, तिची नात येते. माझा तक्ता तालुक्यातल्या इतर गावांनी नेला, पुढे शेजारच्या तालुक्यांतही गेला. त्यावर माझं नाव नाही. पण आता त्यात आठ रकाने असतात आणि आठव्याचं शीर्षक असतं: लेकी. कुणा नव्या अधिकाऱ्याने विचारलं की हे काय, तर गावातलं कुणीतरी त्याला सांगतं. नोकरीत माझ्या हातून एवढं एक काम पुरं झालं, आणि ते मी कुणापुढेही ताठ मानेने सांगतो.

अजून एक झालं, ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या मे महिन्यात मी गावी गेलो आणि शालनला बोलावून घेतलं. तिला वाटलं आणखी कसली सही राहिली. आल्या आल्या तिने पर्समधून चष्मा काढला. मी म्हणालो, कागद नाही, रानात चल. आमच्या रानात आंब्याची नऊ झाडं आहेत, सगळी अण्णांनी लावलेली. बांधावर उभा राहून मी तिला म्हणालो, यातलं एक तुझं. कुठलं ते तू सांग. मागाहून कागदही करतो. पुढे केला, वर्ष गेलं त्यात, पण केला.

"दादा, बरं आहे ना तुझं?" ती म्हणाली.

"बरं आहे. हात लावून दाखव."

मला वाटलं ती चारदोन झाडं बघेल, कुठलं जास्त धरतंय ते विचारेल. तिने पदर खोचला आणि चालायला लागली, मध्येच कुठे न थांबता, थेट विहिरीकडच्या झाडापाशी. बुंध्यावर तळहात ठेवला.

"हे," ती म्हणाली. "मी सातवीत पहिली आले तेव्हा अण्णांनी दिलं होतं. तू होतास की तिथे."

मला आठवत नव्हतं. कोलू म्हणाला होता तसा मी विसरलो होतो.

मी घरी जाऊन बैलांच्या शिंगांना लावायचा गेरू वाटीत कालवून आणला. शालन विचारत होती, हे काय करतोयस, आणि हसत होती, आणि मधूनच डोळे पुसत होती. मी तिच्या हाताच्या शेजारी, जरा वर, मोठा आकडा घातला. चोवीस.